सूत्र एक, चिन्हं दोन: विद्युत क्षेत्र आणि गुरुत्वीय क्षेत्र

समजा, पृथ्वीतून सुमारे ३२५ किलो इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि चंद्रातूनही तेवढेच काढले. दोघांवर धन प्रभार उरेल आणि ते एकमेकांना ढकलू लागतील. हा ढकलण्याचा जोर पृथ्वी-चंद्रामधल्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीइतकाच भरतो. म्हणजे चंद्र मोकळा सुटेल. पृथ्वीचं वस्तुमान किलोत लिहायचं तर ६ वर २४ शून्यं, चंद्राचं ७ वर २२ शून्यं. एवढ्या दोन गोलांची ओढ फेडायला चार-पाच माणसांच्या वजनाइतके इलेक्ट्रॉन पुरतात.

हे गणित करायला दोनच सूत्रं लागतात आणि ती जुळ्या भावंडांसारखी दिसतात:

गुरुत्वीय बल = गुरुत्व स्थिरांक × पहिलं वस्तुमान × दुसरं वस्तुमान ÷ अंतराचा वर्ग

विद्युत बल = कूलोम स्थिरांक × पहिला प्रभार × दुसरा प्रभार ÷ अंतराचा वर्ग

पहिलं न्यूटनने १६८७मध्ये मांडलं. दुसरं कूलोमने १७८५मध्ये, बारीक तारेला पडणारा पीळ मोजून सिद्ध केलं. पुढे १७९८मध्ये कॅव्हेंडिशने पिळाच्याच तराजूवर शिशाच्या गोळ्यांमधली गुरुत्वीय ओढ मोजली. उपकरणाची जातही एकच होती.

साम्य इतकं असताना या दोन बलांचं जगातलं वागणं मात्र टोकाचं वेगळं आहे. एकाला धातूच्या पत्र्याने अडवता येतं, दुसऱ्याला कशानेच नाही. एक अणू बांधून ठेवतं, दुसरं ग्रह. या सगळ्या फरकांच्या मुळाशी जेमतेम दोन गोष्टी आहेत. पहिली, प्रभाराला धन आणि ऋण अशी दोन चिन्हं असतात, वस्तुमानाला एकच. दुसरी, वस्तुमान दुहेरी काम करतं: ते गुरुत्वीय ओढ ठरवतं आणि वस्तू हलायला किती नाखूश आहे हेही तेच ठरवतं. प्रभाराकडे हे दुसरं काम नाही.

किती पट मोठं?

१ मीटर अंतरावर १-१ किलोचे दोन गोळे ठेवले तर त्यांच्यातली ओढ भरते एका न्यूटनच्या दीड हजार कोटीव्या भागाइतकी. त्याच अंतरावर १-१ कूलोमचे दोन प्रभार ठेवता आले तर बल ९०० कोटी न्यूटन होईल, म्हणजे सुमारे ९ लाख टन वजनाइतकं. मात्र या दोन आकड्यांचा भागाकार करून "विद्युत बल इतके पट मोठं" असं म्हणू नये. किलो आणि कूलोम ही माणसाने सोयीने ठरवलेली मापं आहेत. कूलोम मुळातच अवाढव्य माप आहे, म्हणून तो आकडा फुगतो.

खरी तुलना निसर्गाने दिलेल्या कणांवर करायची. दोन प्रोटॉन घ्या. त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण गुरुत्वीय आकर्षणाच्या सुमारे १ वर ३६ शून्यं इतके पट असतं. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनची जोडी घेतली तर सुमारे २ वर ३९ शून्यं. प्रोटॉन किती अंतरावर आहेत हे सांगायची गरजच पडत नाही, कारण दोन्ही सूत्रांत भाजकात अंतराचा वर्गच आहे आणि गुणोत्तर काढताना तो छेदला जातो. अणूच्या आत असो की दोन आकाशगंगांच्या टोकांवर, गुणोत्तर तेच.

क्षेत्र म्हणजे नेमकं काय

बलाच्या सूत्राला दोन वस्तू लागतात. क्षेत्राला एकच पुरते. जागेतल्या एखाद्या बिंदूपाशी एक लहानशी चाचणी-वस्तू ठेवली तर तिच्यावर किती बल लागेल आणि कोणत्या दिशेने, याची त्या बिंदूने बाळगलेली नोंद म्हणजे क्षेत्र. चाचणी-वस्तूचा आकार हिशेबात येऊ नये म्हणून बलाला तिच्या वस्तुमानाने किंवा प्रभाराने भागायचं.

गुरुत्वीय क्षेत्र = बल ÷ वस्तुमान, एकक न्यूटन प्रति किलो. विद्युत क्षेत्र = बल ÷ प्रभार, एकक न्यूटन प्रति कूलोम. यालाच व्होल्ट प्रति मीटर असंही म्हणतात. न्यूटन प्रति कूलोम आणि व्होल्ट प्रति मीटर ही दोन्ही एककं तंतोतंत एकच आहेत.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्वीय क्षेत्र ९.८ न्यूटन प्रति किलो आहे. ४०० किलोमीटर उंचीवर, जिथे अवकाश स्थानक फिरतं, तिथे ते ८.७ असतं. तिथले अंतराळवीर तरंगतात म्हणून तिथे गुरुत्व नाही, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात जमिनीवरच्या गुरुत्वाच्या जवळपास ९० टक्के गुरुत्व तिथे असतं. स्थानक आणि माणसं एकाच दराने सतत पडत असतात, एवढंच. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीचं क्षेत्र ०.००२७ पर्यंत उतरतं. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट अंतरावर आहे, आणि ९.८ ला ३६००ने भागलं की हेच उत्तर येतं.

पृथ्वीला विद्युत क्षेत्रही आहे, हे मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. निरभ्र दिवशी मोकळ्या सपाट जमिनीवर ते १००-१५० व्होल्ट प्रति मीटर असतं आणि खालच्या दिशेने असतं, कारण जमिनीवर ऋण प्रभार आहे. त्या हिशेबाने माणसाच्या डोक्यापासून पायांपर्यंत दोनेकशे व्होल्टचा फरक यायला हवा. मग झटका का बसत नाही? शरीर वाहक आहे. माणूस उभा राहिला की त्याच्यातले प्रभार क्षणात सरकतात आणि डोक्यापासून पायांपर्यंत सगळं शरीर जमिनीच्याच विभवावर, म्हणजे त्याच व्होल्टवर, येतं. क्षेत्र त्याच्याभोवतून वाकून जातं. शिवाय हवा इतकी दुर्वाहक आहे की वाहणारा प्रवाह जाणवण्यापलीकडे सूक्ष्म असतो.

चाचणी-प्रभार "लहान" असावा असं पुस्तकं सांगतात, त्याचं कारणही हेच. मोठा प्रभार जवळ आणला तर वाहकावरचे प्रभार जागा बदलतात, आणि आपण मोजायला निघालेलं क्षेत्रच बदलून जातं. गुरुत्वाच्या मोजमापात ही अडचण सहसा येत नाही. सफरचंद आणलं म्हणून पृथ्वीतलं वस्तुमान इकडचं तिकडे होत नाही.

चिन्हामुळे काय काय होतं

क्षेत्ररेषा काढायला बसलं की पहिला फरक समोर येतो. विद्युत क्षेत्राच्या रेषा धन प्रभारातून निघतात आणि ऋण प्रभारावर संपतात. गुरुत्वीय रेषा कशातूनही निघत नाहीत, त्या फक्त वस्तुमानावर येऊन संपतात. गुरुत्वीय रेषांचा उगम व्हायला ऋण वस्तुमान लागलं असतं आणि तसलं काही आजवर सापडलेलं नाही. प्रतिपदार्थ (नेहमीच्या पदार्थाचं उलट प्रभारांचं प्रतिरूप) तरी वर पडतो का, ही शंकाही २०२३मध्ये फिटली: जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनचे अणू सोडून पाहिले, ते खालीच पडले.

दुसरा परिणाम अधिक मोठा. दोन चिन्हं असली की बेरजेत शून्य येऊ शकतं. साध्या दगडात धन आणि ऋण प्रभार इतके काटेकोर सारखे असतात की दूरवरून पाहता त्याचं विद्युत क्षेत्र जवळपास नाहीसं होतं. वस्तुमानाची बेरीज मात्र वाढतच जाते, वजाबाकीची सोयच नाही. म्हणून ३६ शून्यांनी दुबळं असूनही मोठ्या आकारमानावर गुरुत्वच उरतं. कुठून पुढे त्याची सरशी होते, हे लघुग्रहांकडे पाहून कळतं. काही किलोमीटरचे लघुग्रह बटाट्यासारखे वेडेवाकडे असतात. दगडातले अणू विद्युत बलांनी एकमेकांना धरून असतात आणि ती पकड गुरुत्वाला जुमानत नाही. सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा सेरेस मात्र गोल आहे. एवढ्या आकारमानावर गुरुत्व दगडाची पकड मोडून त्याला गोल करतं.

तिसरा परिणाम म्हणजे आडोसा. इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि शिकवताना ती बहुतेक वेळा निसटते. पोकळ, एकसारख्या गोल कवचाच्या आत त्या कवचाचं स्वतःचं क्षेत्र शून्य असतं, आणि हे गुरुत्वालाही लागू आहे, विद्युतलाही. ही व्यस्त वर्गाची, म्हणजे बल अंतराच्या वर्गाने घटण्याची, करामत आहे: आतल्या कोणत्याही बिंदूपासून जवळच्या बाजूचा तुकडा लहान पण जवळ, समोरच्या बाजूचा मोठा पण दूर, आणि दोघांची ओढ नेमकी सारखी. मग गुरुत्वाला आडोसा का नाही? कारण कवचाने स्वतःचं क्षेत्र शून्य ठेवलं तरी बाहेरच्या वस्तूचं क्षेत्र आत येतंच. धातूच्या पेटीत मात्र मोकळे इलेक्ट्रॉन असतात. बाहेरचं क्षेत्र आलं की ते सरकतात, एका बाजूला ऋण आणि दुसऱ्या बाजूला धन प्रभार उभा राहतो, आणि आतलं क्षेत्र पुसलं जाईपर्यंत हे सरकणं थांबत नाही. फॅरेडेने १८३६मध्ये धातूचा मुलामा दिलेली मोठी पेटी बांधून हे दाखवलं. विजा चमकताना मोटारगाडीत माणूस सुरक्षित असतो तो गाडीच्या धातूच्या सांगाड्यामुळे. श्रेय उगाच रबरी टायरना दिलं जातं. ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला टायरची वीतभर जाडी ती काय अडवणार?

आणि चौथा परिणाम म्हणजे उदासीन वस्तूही ओढली जाते. घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो तेव्हा कपट्यांवर निव्वळ प्रभार नसतो. कंगव्याच्या ऋण प्रभारामुळे कपट्यातले ऋण प्रभार जरासे मागे, धन जरासे पुढे सरकतात. पुढचे जवळ म्हणून त्यांची ओढ जास्त, मागचे लांब म्हणून त्यांचं ढकलणं कमी, आणि फरक आकर्षणाचा उरतो. कंगवा धन असता तरी आकर्षणच झालं असतं. बिंदूएवढा प्रभार आणि छोटीशी उदासीन गोळी यांच्यातलं हे बल अंतराच्या पाचव्या घाताने कमी होतं: अंतर दुप्पट, बल ३२ पट कमी. कंगवा बिंदूएवढा नसल्याने आकडा नेमका तेवढा येत नाही, पण कपटे अगदी जवळ गेल्यावरच का उडी मारतात ते यातून समजतं. गुरुत्वात याच्या जवळपास जाणारी एकच गोष्ट, भरती-ओहोटी: तिथेही जवळच्या आणि लांबच्या बाजूवरच्या ओढीतला फरक काम करतो आणि तो अंतराच्या घनाने घटतो.

घरी मोजता येणारं विद्युत बल

थर्माकोलचे सुमारे २ सेंटिमीटर व्यासाचे दोन गोळे घ्या आणि त्यांवर अॅल्युमिनियम फॉइलचा एकच पातळ थर गुंडाळा. एका गोळ्याचं वजन ०.२ ग्रॅमच्या आसपास येईल. स्वयंपाकघरातला काटा एवढं वजन दाखवत नाही, म्हणून सारखेच दहा-वीस गोळे करून एकत्र तोला आणि भागाकार करा. प्रत्येकाला ३० सेंटिमीटर लांबीचा नायलॉनचा बारीक दोरा बांधा आणि दोन्ही दोरे एकाच बिंदूला टांगा. गोळे एकमेकांना टेकून लोंबायला हवेत. लांबी दोऱ्याच्या वरच्या टोकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची.

पीव्हीसीचा नळीचा तुकडा लोकरीच्या कापडाने वीस-पंचवीस वेळा घासा. त्यावर ऋण प्रभार येतो. नळी जवळ नेताच गोळे आधी तिच्याकडे झेपावतील, टेकतील आणि मग दूर पळतील. नळी नुसती टेकवून भागत नाही. ती दुर्वाहक असल्याने जिथे टेकते तेवढ्याच ठिपक्यावरचा प्रभार उतरतो, म्हणून ती गोळ्यांवरून फिरवत न्यावी लागते. गोळे एकमेकांना टेकलेले असताना प्रभार दिला तर तो दोघांत समान वाटला जातो, आणि गणित सोपं होतं.

समजा, गोळे एकमेकांपासून ६ सेंटिमीटर दूर जाऊन थांबले. प्रत्येक गोळा मधल्या रेषेपासून ३ सेंटिमीटर बाजूला गेला, दोरा ३० सेंटिमीटर. म्हणून आडवं बल हे वजनाच्या एक दशांश. वजन ०.००१९६ न्यूटन, तर बल ०.०००१९६ न्यूटन. अंतर ०.०६ मीटर, त्याचा वर्ग ०.००३६. बल गुणिले अंतराचा वर्ग, भागिले ९०० कोटी, आणि त्याचं वर्गमूळ: प्रत्येक गोळ्यावर ८.९ नॅनोकूलोम प्रभार. एक नॅनोकूलोम म्हणजे कूलोमचा शंभर कोटीवा भाग. इलेक्ट्रॉनच्या संख्येत हे साडेपाच हजार कोटी जादा इलेक्ट्रॉन होतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण गोळ्यात आधीपासून असलेल्या इलेक्ट्रॉनच्या तुलनेत हे प्रमाण साधारण लाख कोटींत एक इतकं आहे. तेवढ्या असमतोलाने गोळे लटकत दूर राहतात. त्याच दोन गोळ्यांमधली गुरुत्वीय ओढ काढली तर हे बल तिच्या सुमारे २६ हजार कोटी पट निघतं.

प्रयोग फसतो तो बहुधा ओलाव्याने. दमट हवेत दोऱ्यावर आणि नळीवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा बसतो आणि त्यावरून प्रभार ओघळून जातो. गोळे मिनिटाभरात परत येऊन टेकतात. केस वाळवायच्या यंत्राने दोरे आणि नळी वाळवून घ्या. सुती दोरा वापरूच नका, तो ओलावा शोषतो. दोरे बोटांनी फार हाताळले तर घामातल्या मिठाचा वाहक थर बसतो. जवळ मेणबत्ती पेटलेली असेल तर ज्वालेतले आयन, म्हणजे प्रभारित अणू-रेणू, गोळ्यांवरचा प्रभार खाऊन टाकतात. अंतर मोजायला प्लॅस्टिकची पट्टी गोळ्यांजवळ नेलीत तर तीच भारित असू शकते आणि गोळे तिच्याकडे वळतात. त्यापेक्षा पट्टी मागे भिंतीला चिकटवून गोळे तिच्या जितके जवळ टांगता येतील तितके टांगा आणि दोनेक मीटरवरून फोटो काढा. एक बारीक चूक मात्र प्रयोग नीट झाला तरी राहते. सारखे प्रभार एकमेकांना ढकलत गोळ्यांच्या बाहेरच्या बाजूंना सरकतात, त्यामुळे त्यांच्यातलं खरं अंतर मध्यांमधल्या अंतरापेक्षा थोडं जास्त असतं. या आकारांना त्याने बलात २ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. वजनाची चूक त्याहून मोठी असेल, तेव्हा त्याची चिंता नको.

वस्तुमानाचं दुहेरी काम

गुरुत्वीय क्षेत्रात सोडलेल्या वस्तूचं त्वरण काढताना वस्तुमान एकदा बलात येतं आणि एकदा भाजकात, आणि उडून जातं. उरतं ते क्षेत्रच. म्हणून ९.८ न्यूटन प्रति किलो आणि ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत. १९७१मध्ये अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकाच वेळी खाली आली. २०१६मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूंचे दंडगोल कक्षेत पडत राहिले; २०२२मध्ये जाहीर झालेल्या अंतिम निष्कर्षांनुसार त्यांच्या पडण्यात १ भागिले १ वर १५ शून्यं इतक्या अचूकतेपर्यंतही फरक सापडला नाही.

विद्युत क्षेत्रात असं काही होत नाही. तिथे त्वरण = क्षेत्र × प्रभार ÷ वस्तुमान, आणि हे प्रभार-वस्तुमान गुणोत्तर कणाकणाला वेगळं. एकाच क्षेत्रात इलेक्ट्रॉनचं त्वरण प्रोटॉनच्या १८३६ पट असतं. न्यूट्रॉन जागचा हलत नाही. मास स्पेक्ट्रोमीटर याच वेगळेपणावर चालतो: आयन क्षेत्रांतून सोडले की गुणोत्तरानुसार ते वेगवेगळ्या वाटा धरतात. केवळ गुरुत्वावर असलं यंत्र बनवताच येणार नाही, कारण तिथे सगळे एकाच वाटेने जातात.

आकडे घातले की अंदाज येतो. साधा दीड व्होल्टचा सेल १ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन धातूच्या पट्ट्यांना जोडला तर मधलं क्षेत्र १५० व्होल्ट प्रति मीटर. इलेक्ट्रॉनचं वजन पेलायला लागणारं क्षेत्र याच्या तुलनेत इतकं क्षुल्लक, की सेलचं क्षेत्र त्याच्या अडीच लाख कोटी पटींहून जास्त भरतं. निर्वातात ऋण पट्टीजवळून सुटलेला इलेक्ट्रॉन धन पट्टीवर सेकंदाला सुमारे ७२६ किलोमीटर वेगाने आदळतो. पट्ट्यांमधलं अंतर बदललं तरी हा वेग तोच राहतो. तो फक्त दीड व्होल्टवर अवलंबून आहे. इलेक्ट्रॉनच्या गणितात गुरुत्व का धरत नाहीत, हे यावरून ध्यानात यावं.

दोन्ही क्षेत्रं बरोबरीने भिडतील असा कण हवा तर तो जड आणि जवळपास उदासीन असावा लागतो. इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजायला मिलिकनने १९०९पासून केलेल्या प्रयोगांत तेलाचे थेंब वापरले ते यासाठीच. १ मायक्रोमीटर त्रिज्येचा थेंब हवेत सेकंदाला साधारण एक दशांश मिलिमीटर इतका सावकाश पडतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकातून त्याचा वेग मोजता येतो आणि त्यावरून वजन काढता येतं. त्यावर पाच जादा इलेक्ट्रॉन असतील आणि पट्ट्या १ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर सुमारे ४६० व्होल्टला तो अधांतरी थांबतो. मिलिकनचं उत्तर खऱ्यापेक्षा किंचित कमी आलं. त्याने हवेच्या विष्यंदितेचा, म्हणजे चिकटपणाचा, जो आकडा धरला तोच थोडा कमी होता.

विभव, आणि नेहमीच्या चुका

गुरुत्वात उंची जे काम करते ते विजेत व्होल्ट करतात. जमिनीजवळ १ मीटर चढलं की दर किलोमागे ९.८ ज्यूल साठतात. १ व्होल्ट चढलं की दर कूलोममागे १ ज्यूल. नकाशावर समान उंचीच्या रेषा जिथे दाटीने येतात तिथे चढ तीव्र असतो. तसंच विभव जिथे भरभर बदलतं तिथे क्षेत्र तीव्र. दोन्हीकडे अनंत अंतरावर शून्य धरण्याचा प्रघात आहे. गुरुत्वीय विभव मग सगळीकडे ऋणच येतं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ते उणे ६.२६ कोटी ज्यूल प्रति किलो आहे, आणि या खड्ड्यातून बाहेर पडायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. विद्युत विभव धन किंवा ऋण, कसंही असू शकतं.

क्षेत्र शून्य म्हणजे विभवही शून्य, ही सर्रास होणारी चूक. सूर्य बाजूला ठेवला तर पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ४६ हजार किलोमीटरवर पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ सारखी होऊन क्षेत्र शून्य होतं, पण विभव तिथे उणे १३ लाख ज्यूल प्रति किलोच्या आसपास असतं. क्षेत्र सदिश आहे, दिशांसकट बेरीज होऊन शून्य येऊ शकतं. विभव अदिश, ते निव्वळ आकड्यांनी जमत जातं.

गणितात सगळ्यात जास्त गुण जातात ते सेंटिमीटरमुळे. अंतर वर्गात असल्याने सेंटिमीटर तसेच ठेवले तर उत्तर १० हजार पटींनी चुकतं. दुसरी चूक चिन्हाची: प्रभाराचं ऋण चिन्ह सूत्रात घालायचं, आणि वर दिशा ठरवताना ते पुन्हा मोजायचं. त्यापेक्षा सूत्रात फक्त परिमाण घाला आणि दिशा आकृतीवरून ठरवा. तिसरी, क्षेत्ररेषा म्हणजे कणाची वाट समजणं. रेषा त्वरणाची दिशा दाखवते, वेगाची नाही. उपग्रहाच्या जागची गुरुत्वीय रेषा पृथ्वीच्या केंद्राकडे जाते, तो मात्र तिला काटकोनात फिरत राहतो. आणि व्यस्त वर्गाचा नियम गोलाच्या बाहेरचा आहे, आतला नाही. जमिनीत खोल गेलं की गुरुत्व लगेच कमी व्हायला लागतं असंही नाही. पृथ्वीच्या गाभ्याची घनता फार जास्त असल्याने २,८९० किलोमीटर खोलीवर ते वाढून सुमारे १०.७ होतं आणि तिथून पुढे घटत जातं.

ते ३२५ किलो कुणी काढत का नाही

कोरडी हवा ३० लाख व्होल्ट प्रति मीटरला फुटते, म्हणजे तिचे अणू आयन होतात आणि ठिणगी पडते. प्रयोगशाळेतल्या व्हॅन डी ग्राफ यंत्राच्या, म्हणजे प्रभार साठवणाऱ्या यंत्राच्या, १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलावर त्यामुळे फार तर साडेसात मायक्रोकूलोम प्रभार मावतो. विभव साडेचार लाख व्होल्टपर्यंत जातं, त्यापुढे दिलेला प्रभार हवेत निसटतो. गोलावर धूळ किंवा ओरखडा असेल तर त्याच्याही पुष्कळ आधी. पृथ्वीवर आज साडेचार ते पाच लाख कूलोम ऋण प्रभार आहे आणि तिचं क्षेत्र हवेला सहज पेलतं. चंद्र सोडवायला मात्र ५७ लाख कोटी कूलोम हवेत. तेवढे जमवले तर जमिनीजवळचं क्षेत्र हवेच्या सहनशक्तीच्या चार हजार पटींहून जास्त होईल.

वस्तुमान वस्तुमानाला बोलावतं, म्हणून धुळीचे ढग आपसूक ग्रह बनतात. प्रभार आपल्याच जातीच्या प्रभाराला हाकलतो आणि विरुद्ध जातीच्या प्रभाराला ओढून घेतो, त्यामुळे प्रत्येक पुढचा इलेक्ट्रॉन काढणं आधीच्यापेक्षा महाग पडत जातं. पृथ्वीतून शेवटचा ग्रॅम निघेपर्यंतचा एकूण खर्च मांडला तर सूर्य सुमारे १०० मिनिटांत जेवढी ऊर्जा सगळ्या दिशांना मिळून फेकतो तेवढा भरतो. चंद्राच्या ३२५ किलोंचा हिशेब वेगळा करावा लागेल, आणि त्याची त्रिज्या लहान असल्याने तो आणखी चढा येईल.